दर्यावर हाय

१

देगलूरच्या शाळेत अश्वजित भूगोल शिकवायचा. जूनमध्ये नवा वर्ग आला की त्याचा एक प्रयोग ठरलेला. भिंतीवर नकाशा टांगायचा, पोरांच्या हातात पांढरा दोरा द्यायचा. दोऱ्याचं एक टोक देगलूरवर, दुसरं समुद्राच्या काठावर. मग दोरा पट्टीवर ताणायचा आणि प्रमाणानं गुणायचं. पूर्वेला मोजा की पश्चिमेला, आकडा काही चारशे किलोमीटरच्या खाली उतरायचा नाही. "बघा रे," तो म्हणायचा, "दोन्हीकडून समुद्र सारखाच लांब हाय. आपल्याला त्याचं भ्याव न्हाई." पोरं हसायची.

तीन वर्षांपासून तो दोरा द्यायचा, मोजायलाही लावायचा, पण हे शेवटचं वाक्य बोलायचा नाही. नव्या पोरांना काय माहीत, त्यांना ते वाक्य कमी पडल्याचं कळतच नव्हतं.

यंदा एप्रिलमध्ये स्टाफरूममध्ये डबे उघडले तेव्हा गणिताचे श्रीशैल सर म्हणाले, "अश्वजित सर, नदीच्या पुलापाशी नवं हॉटेल निघालंय, पाहिलं का? मासळीचं. परवा गेलतो. बंगडा असा ताजा की विचारू नका."

"बंगडा?" अश्वजित म्हणाला. "तो समुद्रातला असतो, सर. मरळ असंल, न्हाईतर कटला."

"मला ह्या वयात बंगडा शिकवता का? पाटीवरच लिहिलंय की. ताजी मासळी, इथलीच."

"नाव काय हॉटेलचं?"

"दर्या," श्रीशैल सर म्हणाले आणि लोणचं शोधायला लागले.

अश्वजितचा घास हातातच राहिला.

२

आता हा शब्द नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथंच आहे. बाकीच्या महाराष्ट्रात दर्या म्हणजे समुद्र. पण आमच्याकडं निजामाच्या राज्यातून जे शब्द मागं राहिले, त्यात दर्या म्हणजे नदी. जुन्या बायका अजून म्हणतात, धुणं घेऊन दर्यावर गेलते, दर्याला पाणी आलं. ज्यांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही, त्यांना दुसरा अर्थ लागायचं कारणही नाही.

अश्वजितची आई चांगुणा त्यातलीच.

तिचा धाकटा मुलगा आदर्श. डिप्लोमा करून दोन वर्षं घरी बसला, मग एका मित्राच्या ओळखीनं कोकणात बर्फाच्या कारखान्यात लागला आणि तिथून मासेमारीच्या बोटीवर. जो पोरगा विहिरीत उतरायचं म्हटलं की काठ धरून बसायचा, तो बोटीवर. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी दीड वाजता त्याचा फोन आला. आवाज तुटत होता. चांगुणानं ऐकलं ते एवढंच: "आई, दर्यावर हाय. थांब. आलोच."

फोन कट झाला. चांगुणानं तवा परत चुलीवर ठेवला. पोरगं न सांगता आलंय, पुलापाशी उतरलंय, चालत यायला अर्धा तास. तिनं त्याच्यापुरत्या दोन भाकरी टाकल्या, कालवण गरम केलं आणि ताट वाढून त्यावर दुसरं ताट झाकून ठेवलं.

त्याच दुपारी ती बोट बुडाली. सहा माणसं होती. दोघांची प्रेतं सापडली, त्यांत आदर्श नव्हता.

अश्वजित तीन आठवडे त्या बंदरावर बसून होता. रोज पहाटे बोटी यायच्या, हा प्रत्येक खलाशाचं तोंड बघायचा. शेवटी बोटवाल्यानं आदर्शची पिशवी हातात दिली. कपडे, चार्जर, बाबासाहेबांचा लहान फोटो, सगळं होतं. फक्त चपला नव्हत्या. पिशवी घरी आणली तेव्हा चांगुणानं सगळं खाली काढून पाहिलं आणि म्हणाली, "चपला घालून निघालाय म्हंजी चालत येऊन राहिलाय."

"आई, तो समुद्र म्हणत होता गं."

"त्याला शब्द मी शिकिवलेत का तू? आपल्या दर्यावर आलता तो. आलोच म्हणला मला."

त्या दिवसापासून तिचं ताट झाकून ठेवणं सुटलं नाही. रोज दुपारी दीडला झाकायचं, संध्याकाळी उघडून गाईला घालायचं. अश्वजितला त्या ताटाकडं बघवत नसे. गेलेल्या माणसासाठी करतात तो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करायचा म्हटलं की ती उठून जायची. जिवंत माणसाचं कसलं पुण्यानुमोदन?

पण यंदा त्यानं मन घट्ट केलं. भन्तेजींना भेटून वैशाखातला रविवार ठरवला, पाहुण्यांना सांगितलं, आदर्शचा फोटो मोठा करून आणला. राहिली एकच गोष्ट. फोटोला पहिलं फूल आईनं वाहायचं होतं. ती वाहणार नसेल तर बाकीच्या सगळ्याला काही अर्थ नव्हता, हे त्यालाही कळत होतं.

श्रीशैल सरांनी सांगितलेलं हॉटेलचं नाव त्यानं घरी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. रात्री जेवताना त्याच्याच तोंडून निघालं.

चांगुणानं हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाली, "जितू, मला एकडाव तिथं जेवायला ने. दर्यावर. तिथंबी नसला तर मी फूल वाहते. माझा शब्द हाय."

३

रविवारी दुपारी दोघंच गाडीनं निघाले. अश्वजितची बायको उज्वला दवाखान्यात नर्स, तिची ड्युटी होती. निघताना चांगुणानं नवं लुगडं नेसलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा घरी ताट झाकलं नाही. ते पाहून अश्वजितला बरं वाटायला हवं होतं. पण बरं काही वाटलं नाही.

पुलावरून त्यानं नदीकडं पाहिलं. एप्रिलची नदी, तिच्यात काय असणार? वाळू, दोन डबकी, डबक्यात बसलेल्या म्हशी. पलीकडच्या काठाला बाभळी. मासे सोडा, बेडूक जगले तरी नशीब.

हॉटेल पुलाला लागूनच, नदीच्या अंगाला पाठ करून. पत्र्याचं छप्पर, निळा रंग, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला कूलर. दोन टेबलांवर माणसं जेवत होती. कोपऱ्यात एक धोतरवाले आजोबा काटा काढत निवांत बसलेले. सगळं अगदी साधं, चारचौघांसारखं.

मालकीण कमलम्मा गल्ल्यावर नव्हती, दारातच उभी होती. साठीची, ठसठशीत कुंकू, तेलंगणातून आलेली. "कूर्चोंडी, कूर्चोंडी," ती चांगुणाला म्हणाली. "बसा अम्मा. उशीर केला."

आम्ही येणार हे हिला काय माहीत, असं अश्वजितच्या मनात आलं. मग त्यानंच उत्तर दिलं: दीड वाजून गेलेत, जेवायला उशीरच आहे हा.

काउंटरवर ओल्या गोणपाटावर मासळी मांडली होती. तो सहज बघायला गेला आणि तिथंच थबकला. बंदरावर तीन आठवडे बसलेल्या माणसाला मासळी वाचता येते. बंगडा डोक्याकडून धरला की ताजा असेल तर शेपूट लोंबत नाही, ताठ राहतं. पाण्याबाहेर येऊन दोन-तीन तास झालेल्या बंगड्याचंच तसं होतं. त्यानं एक उचलला. काठीगत ताठ. कल्ला उघडून पाहिला, आतून लालभडक. शेजारी एक पापलेट होतं, त्याचं तोंड हळूच उघडलं आणि मिटलं.

"बर्फ कुठं ठेवता?" त्यानं विचारलं.

"बर्फ कशाला लागतो सर?" कमलम्मा म्हणाली. "इथलीच हाय."

४

ते भिंतीकडच्या टेबलाला बसले. अश्वजितनं मनाशी हिशेब मांडला. किनाऱ्यावरून रात्री गाडी निघाली, कितीही पळवली, तरी दुपार होते. तोवर बंगडा मऊ पडतो. विमानानं? देगलूरच्या पुलावर बंगडा खायला विमानानं कोण पाठवतो? नाही, टाकी असणार. खाऱ्या पाण्याची टाकी करून जिवंत आणत असतील. हल्ली काय काय निघालंय. एवढं ठरवल्यावर त्याला जरा हुशारी आली.

मग त्याचं लक्ष फरशीकडं गेलं. स्वयंपाकघराच्या बाजूला एक बोळ होता, त्याच्या तोंडाशी निळा पडदा आणि वर लिहिलेलं, हात धुण्याची जागा. पडद्याखालून पाण्याची एक पातळ रेघ बाहेर आली, फरशीवर वीतभर पसरली आणि मागं गेली. थोड्या वेळानं परत आली. परत मागं गेली. फरशी धूत असतील. पण फरशी धुतलेलं पाणी उतार बघून एकदा वाहतं, ते परत कशाला जाईल?

आणि तो आवाज. आल्यापासून होता. त्यानं तो कूलरचा धरला होता. भरून यायचा, क्षणभर थांबायचा, ओसरायचा.

"ऐकू येऊन राहिलंय का?" चांगुणानं विचारलं.

"कूलर हाय, आई."

त्याच वेळी लाइट गेली. आमच्याकडं ती दुपारी जातेच, कुणी मान वर करून पाहिलं नाही. पंखे थांबले. कूलरचं पातं दोन गिरक्या घेऊन उभं राहिलं.

आवाज चालूच होता.

अश्वजितनं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. बंदरावर रिकाम्या बसल्या बसल्या त्यानं लाटा मोजल्या होत्या, मास्तराची खोड. मिनिटाला सात, कधी आठ. आता त्यानं मोजलं. सात. पुन्हा मोजलं. आठ. तिसऱ्यांदा मोजायचं त्याला धाडस झालं नाही. अंगावर काटा आला होता, पण खरं सांगायचं तर नुसती भीती नव्हती ती. भन्तेजी त्रिशरण सुरू करतात तेव्हा सगळी सभा एकदम शांत होते, तसं त्याच्या आतलं सगळं शांत झालं होतं. कोपऱ्यातले आजोबा त्याच्याकडं बघून म्हणाले, "गार वाटतं न्हाई इथं?" आणि परत काटे काढायला लागले.

५

कमलम्मानं ताटं आणली. भाकरी, कालवण, तळलेला बंगडा, कांदा. एक ताट चांगुणासमोर, एक अश्वजितसमोर. आणि तिसरं मोकळ्या खुर्चीसमोर. त्या तिसऱ्या ताटावर तिनं दुसरं ताट उपडं झाकलं.

अश्वजितनं त्या ताटाकडं बोट केलं. "आम्ही दोघंच हाव," तो म्हणाला.

"हाव की. तिसरा आत गेलाय," कमलम्मा म्हणाली. "आत्ताच आला. हात धुऊन राहिलाय."

चांगुणानं मान हलवली, जणू हे तिला आधीच कुणी सांगितलं होतं. "त्याला लई वेळ लागतो हात धुवायला," ती कमलम्माला म्हणाली. "लहानपणापसून. मासळीचा वास जात न्हाई म्हणतो." आणि ती पदरानं तोंड पुसत सरळ बसली. तिनं घासाला हात लावला नाही. घरातलं माणूस यायचं असलं की कुणी लावत नाही.

"आई, त्यांचा काहीतरी घोळ झालाय."

"मग बघून ये. तू बघ, आन् मला सांग. तू सांगशील ते मी मानीन."

अश्वजित उठला. एवढंसं अंतर, दहा पावलं. त्याला वाटलं, हे दहा पावलांचं अंतर मी वर्गात मोजून दाखवलं तर किती भरेल?

६

पडद्याआड बोळ. बेसिन होतं, कोरडं. नळ फिरवला, त्यातून हवा आली. समोर मागचं दार, लोटलेलं, फटीतून पांढरा उजेड. दारापाशी चपला काढून ठेवल्या होत्या. निळ्या नायलॉनच्या, उजव्या अंगठ्याजवळ सुतळीनं शिवलेल्या. ती शिलाई अश्वजितच्या हातची होती. आदर्श कोकणात निघाला त्या सकाळी, बसस्टँडवर, घाईघाईत घातलेली.

तो खाली बसला आणि त्यानं चपलांना हात लावला. ओल्या होत्या.

दारापलीकडं काय असायला पाहिजे ते त्याला पाठ होतं. उताराची पायवाट, वाळू, म्हशींचं डबकं, पलीकडच्या बाभळी, डाव्या हाताला पुलाचे खांब. हे सगळं मनात क्रमानं म्हणत त्यानं दार ढकललं.

पलीकडचा काठ नव्हता.

उंबऱ्यापासून पाणी होतं, आणि ते कुठंही संपत नव्हतं. पूल नव्हता, बाभळी नव्हत्या. लांब, फार लांब, पाणी आणि आभाळ एका रेघेत टेकलं होतं आणि ती रेघ किंचित वाकलेली होती. पृथ्वी गोल आहे, हे त्यानं वीस वर्षं शिकवलं होतं, पण ते असं समोर कधी उभं राहिलं नव्हतं. मृगजळ, त्याची बुद्धी म्हणाली. तापलेली वाळू, हवेचे थर, उजेड वाकतो. सातवीचा धडा. तेवढ्यात एक लाट उंबरा ओलांडून आली आणि त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजवून गेली. ओठांवर उडालेला थेंब खारट होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढं मोठं काही आपल्या गावामागं आहे आणि आपण पोरांना दोरा देत बसलो, याची त्याला लाज वाटली.

वीसेक पावलांवर एक माणूस गुडघाभर पाण्यात पाठमोरा उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. वाकून हात धूत होता, सावकाश, मनगटं चोळत. डावा कान जरा बाहेर आलेला. लहानपणी अश्वजितनंच तो ओढ ओढ ओढला होता.

त्यानं हाक मारली नाही. तरीही तो माणूस न वळता म्हणाला, "दादा, आलोच."

तोच आवाज. जरा दमलेला, पण मजेत असलेला. मग त्यानं हात झटकले, कंबर सरळ केली आणि तो वळायला लागला.

आणि अश्वजितच्या मनात एकच आलं. तीन वर्षं. तीन वर्षं पाण्यात राहिलेलं तोंड आता माझ्याकडं वळणार. त्या दोघा सापडलेल्यांना त्यानं बंदरावर पाहिलं होतं. त्यांना फक्त चार दिवस झाले होते.

त्यानं दार ओढून घेतलं आणि कडी लावली.

७

तो टेबलापाशी आला तेव्हा चांगुणा तशीच बसली होती. "हाय का?" तिनं विचारलं.

कडीचा गारवा अजून त्याच्या बोटांत होता. हो म्हटलं तर ती उठून जाणार, दार उघडणार आणि ते तोंड पाहणार. आईला ते बघू द्यायचं नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पुढं कित्येक दिवस तो स्वतःला हेच सांगत राहिला. पण त्या घडीला तो फक्त भ्याला होता, स्वतःसाठीच.

"न्हाई," तो म्हणाला. "कुणी न्हाई तिथं."

आवाज थांबला.

भरून आलेला तो आवाज ओसरलाच नाही, मधेच थांबला. पडद्याखालची पाण्याची रेघ मागं गेली ती परत आली नाही. बाहेर पुलावरून ट्रक गेला तो स्पष्ट ऐकू आला. कमलम्मा आली आणि तिनं तिसरं ताट झाकलेलं तसंच उचलून आत नेलं.

चांगुणा त्याच्या पँटकडं बघत होती. गुडघ्याखाली ती काळी पडली होती, पाणी ठिबकत होतं, आणि बुटांवर बारीक पांढरी वाळू चिकटली होती. नदीची वाळू तिच्या ओळखीची होती, जाड आणि लाल. ही ती नव्हती.

"पाय पूस," ती म्हणाली. "गाडीत वाळू सांडंल."

मग तिनं भाकरी मोडली आणि जेवायला लागली. सगळं ताट संपवलं तिनं. अश्वजितला एक घास गिळवला नाही. हात धुवायला ती त्या बोळाकडं गेलीही नाही, तांब्यातल्या पाण्यानं ताटातच धुतले.

८

ठरल्याप्रमाणे कार्यक्रम झाला. त्रिशरण, पंचशील, भन्तेजींचं प्रवचन, पाहुण्यांना खीर. चांगुणानं दिलेला शब्द पाळला. पांढऱ्या लुगड्यात ती फोटोपुढं गेली, फूल वाहिलं, मेणबत्ती लावली आणि हात जोडून उभी राहिली. रडली नाही. श्रीशैल सर अश्वजितच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं बघा. सुटल्या आता माउली." परवाच परत त्या हॉटेलात जाऊन आलो, तेही त्यांनी सांगितलं. मागच्या बाजूला जाऊन हवा खाल्ली. म्हशी बऱ्याच होत्या म्हणे डबक्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी चांगुणानं दोघांचीच ताटं वाढली. अश्वजितनं घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता. तो उठला, फडताळातून तिसरं ताट काढलं, दोन भाकरी ठेवल्या, कालवण वाढलं आणि वर दुसरं ताट झाकलं.

चांगुणा त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"कामून झाकतोस?" ती म्हणाली. "येत न्हाई तो आता."

"आई..."

"लांबून आलता. हात धुतले, आलोच म्हणला. मला ऐकू आलतं, जितू." तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. "भावानंच न्हाई म्हणल्यावर कसा यावा त्यानं?"

ती जेवायला लागली. अश्वजित झाकलेल्या ताटासमोर बसून राहिला. चार वाजता उज्वला घरी आली तेव्हाही तो तिथंच होता.